अळणी फळी

आमच्याकडं जेवायला बसायचे जे पाट आहेत, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा रुंद आहे. एका अंगाला तो किंचित वाकलेला आहे आणि त्याच्या कडेला खिळ्यांची भोकं आहेत. त्यावर बसलं की डुलल्यासारखं होतं, म्हणून मुलं तो टाळतात. मागच्या पावसाळ्यात सुकं लाकूड संपलं, तेव्हा सुनेनं तो पाट चुलीत घालायची गोष्ट काढली. मी तिच्यावर अशी कडाडले की ती पुढं कितीतरी दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती. पोर गुणाची आहे, तिचा काही दोष नाही. तिला कारण कळायला हवं, म्हणून हे लिहायला बसले आहे. अक्षर मला लग्नानंतर आलं. नवरा कल्याणच्या शाळेत मास्तर. त्यानं मला संध्याकाळी समोर बसवून शिकवलं, आणि मी चुकले की तो कपाळाला हात लावायचा. तेव्हा माझ्या लिहिण्याला नावं ठेवायची असतील तर त्याला ठेवा.

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठी, माजिवड्याच्या खालच्या अंगाला. आम्ही आगरी. त्या बाजूला तेव्हा मिठागरं, तिवरं आणि चिखल, एवढंच. बाबाचा एक मचवा होता. एका डोलकाठीचा, रुंद पोटाचा, आजोबांच्या वेळचा. आगरातलं मीठ त्यात भरायचं, भरतीवर शीड उभारून खाडीनं वर कल्याणच्या बंदराला न्यायचं, आणि रिकामं परत यायचं. मीठ सुटंच ओतलेलं असे. त्यामुळं आतल्या फळ्यांनी पिढीभर मीठ प्यायलं होतं. पावसाळी हवा पडली की त्या फळ्यांना आपोआप घाम फुटायचा.

आमचंही तसंच होतं. लुगड्यांना मीठ, केसांत मीठ, कुडाच्या भिंतीवर मीठ. आम्हाला चावलेला डास पाणी शोधत जातो, असं आयस म्हणायची.

आयस, म्हणजे माझी आई, गोड्या पाण्याची. तिचं माहेर कल्याणच्या पलीकडं, नदीच्या वरच्या अंगाला, भातशेतीच्या गावात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिची जीभ माहेरचीच राहिली. कालवणात मीठ घालायच्या आधी ती आपल्यापुरतं वाटीत काढून ठेवायची. आमच्या दारातल्या विहिरीशी तर तिचं वैर होतं. विहीर आजोबांनी खणलेली, आणि घरात तिचा फार अभिमान. आयस घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. "ह्याला तुमी गोड पानी बोलता?" ठाण्याच्या बाजारात गेली की ती मुद्दाम तळ्यावर वाट वाकडी करून ओंजळीनं पाणी पिऊन यायची. आम्ही हसायचो. आयस तळ्यावर माहेरपण करून आली, असं बाबा म्हणायचा, आणि तीही हसायची.

ती पटकीनं गेली. सकाळी भात सडत होती आणि दिवे लागायच्या आत संपली. त्यानंतर स्वयंपाक माझ्याकडं आला. कालवणात मीठ जास्त झालं असं मला घरात कधीच कुणी म्हटलं नाही.

आगगाडी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पुलावरून ती जायची तेव्हा मचव्यातून आम्ही वर बघायचो, इतकाच तिचा आमचा संबंध होता. मग हळूहळू मीठही गाडीनं जायला लागलं, उरलंसुरलं मोठ्या गलबतांनी ओढलं. आयस गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबाला आख्ख्या मोसमात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खेपा मिळाल्या. काठावर पडून राहिलेला मचवा उन्हानं उलतो, म्हणून कुणी लाकूडवाला येऊन तो मोडायला मागून गेला. बाबानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा कल्याणला जाऊन तिथल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याला भेटून आला. व्यापारी म्हणाला, नवीन तांदूळ निघाला की खेपा देतो, पण मिठाच्या मचव्यात तांदूळ घालणार नाही. तांदूळ ओल धरतो, त्याला आंबूस वास येतो. आतून मिठाचा कण राहू देऊ नका, आमचे दिवाणजी येऊन बघतील, त्यांना पटलं तर तांदूळ तुमचा. बाबा घरी आला तो सरळ मचव्यात जाऊन बसला. दादूसनं, माझ्या थोरल्या भावानं, तेव्हाच सांगून टाकलं होतं की हे जमलं नाही तर तो गाडीच्या कामावर जाणार. म्हणजे मचवाही जाणार आणि मुलगाही. बाबाला हे दोन्ही एकच वाटत होतं, आणि तसं ते होतंही.

दरवर्षी पावसाळ्यात मचवा काठावर ओढून त्यावर झापांचं छप्पर घालायचे. त्या वर्षी बाबानं छप्पर घातलंच नाही. आकाशातून फुकटचं गोडं पाणी पडतंय, ते आत पडू दे, म्हणाला. तळाशी साचलं की मी आणि दादूस डब्यांनी उपसून टाकायचो, पुन्हा साचायचं, पुन्हा उपसायचं. वाटेनं जाणारे विचारायचे, मचवा बुडवायचाच आहे तर खाडीत का नाही बुडवत? बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मी मात्र एकाला चांगलं सुनावलं होतं.

पाऊस उघडल्यावर खरं काम सुरू झालं. मचव्याच्या पोटात उभं राहता येत नाही. वाकून किंवा गुडघ्यांवर, बरगड्यांसारख्या आडव्या लाकडांच्या मधल्या खणांत अंग कोंबून बसायचं आणि फळी खरवडायची. वरचा थर मुशी माशाच्या तेलाचा. वर्षानुवर्षं एकावर एक दिलेला, काळा, चिवट, आणि वास असा की घरी गेल्यावर शेळीसुद्धा माझ्यापासून लांब उभी राहायची. तो निघाला की खाली राळ, आणि राळेच्या खाली लाकूड. सागाचं, पण रंग राखेसारखा. पटाशीनं त्याचा पातळ पापुद्रा काढला की आत किंचित तांबूस दिसायचं. मला ते बघून आनंद व्हायचा, आणि लगेच वाटायचं की आयस असती तर म्हणाली असती, त्याच्यापेक्षा कपडे धू. आम्ही दिवसदिवस एकमेकांशी बोलत नसू. पटाशीचा आवाज यायचा आणि दादूसचा खोकला.

डोलकाठीच्या पायापाशी एका सांध्यात जुन्या राळेत काही दाणे रुतलेले निघाले. मला वाटलं खडे असतील. बाबानं ते नखानं उकरून बघितले आणि मग उकरायचं थांबवलं. ते तांदूळ होते. लग्नाच्या अक्षता. त्याच मचव्यातून वऱ्हाड आयसला घेऊन खाडीनं खाली आलं होतं. "ह्याचे पोटान पयला तांदूल तीच घेऊन आली," बाबा म्हणाला. तो सांधा त्यानं खरवडू दिला नाही. मला तेव्हा वाटून गेलं की आता सगळं नीट होणार. असल्या गोष्टींवर माणसाचा विश्वास बसतो, कारण दुसरं काही हाताशी नसतं.

खरवडल्यावर धुवायचं. नारळाच्या सोडणानं घासायचं, पाणी ओतायचं, उपसायचं, उन्हात वाळू द्यायचं, आणि पुन्हा. पाणी दारच्या विहिरीचं. हंड्यावर हंडा घेऊन मी ते वाहिलं. त्या मोसमात डोक्यावरचे केस चुंबळीखाली तुटून गेले होते. तळ्याचं पाणी आणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. दारात गोड्या पाण्याची विहीर असताना ठाण्यापर्यंत कोण जाईल?

रोज ऊन उतरलं की फळ्या चाखायच्या. आमच्याकडं ही जुनी रीत. लाकडात मीठ किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते जिभेलाच कळतं. फळीला जीभ लावायची, थुंकायचं नाही, गिळायचं. थोडं थांबायचं. आणि सगळ्यांनी चाखून होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही, कारण एकानं खारट म्हटलं की दुसऱ्याची जीभही तेच म्हणते. आधी बाबा, मग दादूस, मग मी. सुरुवातीला तिघांचीही तोंडं वाकडी व्हायची. मग हळूहळू तोंडं वाकडी व्हायची थांबली. एका संध्याकाळी बाबानं चाखलं, दादूसनं चाखलं, मी चाखलं, आणि तिघं एकमेकांकडं बघत राहिलो.

"आलनी हाय," बाबा म्हणाला. अळणी. दादूसनं मान हलवली. मलाही अळणीच लागली होती. आयस गेल्यापासून घरात पहिल्यांदा मी त्या दिवशी काही गोड केलं.

तांदळाला मुशीच्या तेलाचा वास चालत नाही, म्हणून बाबानं जवसाचं तेल आणून त्यात राळ कढवली आणि त्याचे हात दिले. पोटात सगळीकडं मधासारखा रंग चढला. तळाशी एका फळीवर तळहाताएवढी जागा मात्र त्यानं कोरडी ठेवली. माल देणाऱ्याला चाखून बघता यावं म्हणून ती तशीच ठेवतात. तेल देऊन ती झाकली तर मचव्याचा मालक लबाड समजला जातो. बाबानं तिच्याभोवती तेलाचा हात इतका जपून फिरवला होता की कडेला एक ओघळसुद्धा नव्हता.

मार्गशीर्षात दिवाणजी आले. कल्याणहून ठाण्यापर्यंत ते गाडीनं आले होते, हे मला तेव्हाच खटकलं. वयस्कर माणूस, स्वच्छ धोतर, बोलायला मऊ. जोडे काठावर काढून ते आत उतरले. रंग बघून म्हणाले, "काम छान केलंय तुम्ही." मग वाकले, कोरड्या जागेला बोट लावलं, ते जिभेला लावलं. परत लावलं. मग बाबासारखेच खाली बसून त्यांनी फळीलाच जीभ लावली आणि बाहेर येऊन थुंकले.

"खारी आहे हो फळी," ते म्हणाले.

बाबाला आधी कळलंच नाही. "कंची फली?"

"हीच. चांगलीच खारी आहे. तांदूळ नाही ठेवता येणार हिच्यात."

बाबा आत उतरला. चाखलं, गिळलं, थांबला. मग दादूसला खूण केली. मग मला. दिवाणजी काठावर उभे होते आणि आम्ही तिघं एकामागून एक त्यांच्यासमोर गुडघ्यांवर टेकून ती फळी चाखत होतो. मी आजही शपथेवर सांगेन, मला ती अळणी लागली. आम्ही तिघंही अळणी म्हणालो.

दिवाणजी आमच्याकडं बघत राहिले. त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला दिसतंय," ते म्हणाले, "पण मी शेटजींना काय सांगू?" त्यांनी जोडे घातले आणि बांधावरून चालत निघून गेले.

बाबाचं म्हणणं त्या दिवसापासून ठरलं. दिवाणजी आले तेच गाडीनं. तांदूळही गाडीनं पाठवायचं त्यांचं आधीच ठरलं होतं, आणि फळीचं फक्त निमित्त केलं. दादूसलाही ते पटलं. मलाही पटलं, कारण माझी जीभ माझ्या तोंडात होती आणि तिनं मला अळणी सांगितलं होतं. बाबा त्या माणसाला उठता-बसता शिव्या द्यायचा. पूर्वी तो कुणाला शिव्या देत नसे.

लाकूडवाला परत आला. मचवा मोडायला माणसं लागली तेव्हा बाबा घरात पाठ करून पडून राहिला होता. घावांचा आवाज दिवसभर येत होता. संध्याकाळी तो उठला, जाऊन ती कोरड्या जागेची फळी तेवढी मागून आणली आणि दाराआड उभी करून ठेवली. दादूस कल्याणच्या स्टेशनात मालाच्या कामावर लागला. तिथं त्याला पहिल्यांदा तांदळाचीच पोती उचलायला लागली. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं, आणि बाबानं त्या फळीचा पाट करून मला दिला. दुसरं काही द्यायला नव्हतंच.

सासरी पहिल्याच दिवशी मी आमटी केली. सासूबाईंनी एक घास घेतला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं मीठ कुणी चोरून नेईल अशी भीती होती का गं?" सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी कमी घातलं, तरी जास्त. मग मी मीठ घालायची जबाबदारी नणंदेवर टाकली. पहिल्या वर्षी मला त्या घरातलं अन्न गिळवत नसे. आजाऱ्याचं जेवण वाटायचं. रडायला यायचं, ते खरं तर माहेरासाठी, पण मी मनात म्हणायची की मिठासाठी.

जीभ कधी बदलली हे मला कळलं नाही. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा कळलं. दारात पोचले, तहान लागली होती, विहिरीचं पाणी तांब्यानं तोंडाला लावलं आणि पहिला घोट बाहेर आला. मला वाटलं तांब्यात काही राहिलंय. तांब्या घासला, पुन्हा पाणी काढलं. तेच, खारट. मी काठावर टेकले. ह्याच पाण्यानं मी मचवा धुतला होता. पावसानं जेवढं नेलं असेल, तेवढं मी हंड्याहंड्यानं परत आणून घातलं होतं, आणि वर आम्ही तिघांनी चाखून अळणी म्हटलं होतं. ज्या एका जिभेला कळलं असतं, ती त्या घरात उरली नव्हती.

यात मी स्वतःला दोष देत नाही, कुणालाच देत नाही. पण मी बाबाला त्या वेळी काही बोलले नाही. शिव्या द्यायला त्याला एक माणूस होता, तेवढा तरी राहू दे, असं वाटलं.

बाबा माझ्या घरी राहायला एकदाच आला. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं आणि दादूसच्या खोलीत त्याला करमत नव्हतं. मी त्याला तोच पाट मांडला. बसता बसता त्यानं हात खाली घातला, वाक चाचपला आणि बसला. पहिला घास घेऊन त्याचा हात ताटावर फिरायला लागला. मी चिमूटभर मीठ वाढलं. त्यानं ते कालवलं, घास घेतला, पुन्हा हात फिरवला. मी पुन्हा वाढलं. तिसऱ्या वेळी मी मिठाची वाटीच त्याच्या हाताशी सरकवली, आणि त्यावरून त्याला कळलं असावं.

जेवण झाल्यावर त्यानं पाट उलटा केला. कोरडी जागा आता खालच्या बाजूला आहे. पावसाळ्यात ती ओलसर होते, मी रोज पुसते. बाबानं त्यावर अंगठा ठेवला.

"तू आता हितली झालीस," तो म्हणाला. "पानी हितला पितंस. चाख."

"जाऊ दे ना बाबा आता."

"चाख. मना कलाला पायजे."

मी खाली बसले आणि जीभ लावली. खरं तर चाखायची गरज नव्हती, मला ठाऊक होतं. थुंकू नको, गीळ, असं तो म्हणाला, लहानपणी शिकवल्यासारखं. मी गिळलं. थांबले. अळणी म्हणाले असते तर तो दिवाणजींवर चिडून, पण स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवून मेला असता. तसं म्हणावं असं फार वाटलं. पण फळी चाखून खोटं बोलायचं नाही, हे त्यानंच मला शिकवलं होतं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"खारी हाय, बाबा."

त्यानं अंगठा काढून घेतला. मग त्यानं विचारलं, "आनि आपली इहीर?"

"ती बी."

"तुझी आयस बोलायची." मग त्यानं पाट सरळ केला आणि भिंतीला नीट टेकवून ठेवला. "बरा झाला. लोकांचा तांदूल नासला असता."

त्या दिवसानंतर त्यानं दिवाणजींचं नाव काढलं नाही. संध्याकाळी पान मांडलं तेव्हा त्यानं मागायच्या आत मी आपणहून मीठ वाढलं. त्यानं ते बोटानं ताटाच्या कडेला सारलं आणि पुढ्यात होतं ते तसंच जेवला.